सतरा पौंडांची बादली

विनीताने तीन वेळा घर गुंडाळलं होतं आणि तिन्ही वेळा प्रताप म्हणाला होता, "विनू, हे शेवटचं." पहिल्यांदा ठाणं सोडून न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आले तेव्हा. दुसऱ्यांदा दोन हजार एकच्या उन्हाळ्यात, कंपनीने एका शुक्रवारी दुपारी निम्मं ऑफिस घरी पाठवलं आणि महिन्याच्या आत शिकागोजवळचं शॉमबर्ग गाठावं लागलं तेव्हा. तिसऱ्यांदा शॉमबर्गचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि युटातल्या ओरेम नावाच्या गावी येऊन पडले तेव्हा. आता दोन हजार सहाचा जून चालू होता, आणि ते वाक्य प्रतापच्या तोंडून चौथ्यांदा बाहेर पडायच्या बेतात होतं. बायकोला असल्या गोष्टींचा वास आधीच येतो.

या वेळचं गाव होतं टेक्सासमधलं फ्रिस्को. पद मोठं होतं, हाताखाली चाळीस माणसं मिळणार होती.

"अगं, तिथे आपली माणसं आहेत," प्रताप सांगत होता. "मंडळ आहे, गणपती आहे, ताजा कढीपत्ता मिळतो. तूच म्हणायचीस ना, इथे बोलायला कुणी नाही म्हणून?"

म्हणाली होती, नाही कशाला. पण ते दोन हजार तीन साली. तीन वर्षांपूर्वीचं रडगाणं जपून ठेवून वेळ आली की बायकोलाच ऐकवायचं, ही खास नवऱ्यांची कला आहे. मधल्या तीन वर्षांत काय काय झालं ते प्रतापच्या गावीही नव्हतं. विनीताला प्राथमिक शाळेच्या लायब्ररीत नोकरी लागली होती. पोरं तिला 'मिस व्ही' म्हणत आणि फाटलेली पुस्तकं चिकटवून घ्यायला तिच्याकडेच येत. सावनी, त्यांची सतरा वर्षांची एकुलती एक मुलगी, तिसऱ्या गावातल्या तिसऱ्या शाळेत एकदाची रुळली होती. ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवत होती, आणि शाळेचं शेवटचं एकच वर्ष राहिलं होतं. मुख्य म्हणजे गेल्या साली ग्रीन कार्ड आलं होतं. इतकी वर्षं व्हिसा पळवत होता म्हणून पळत होतो, त्याच्या नावाने बोटं तरी मोडता येत होती. आता मागे कुणी लागलेलं नसताना हा माणूस पळायला निघाला होता.

"त्यांनी शुक्रवारपर्यंत टाइम दिलाय," प्रताप म्हणाला.

"मी गुरुवारी सावनीबरोबर ट्रेकला चाललेय. शनिवारी आल्यावर बोलू."

"अगं, पण शुक्रवारी मी त्यांना काय सांगू?"

"शनिवारी बोलू," म्हणत विनीता कुकर लावायला उठली. नाही म्हणायची तिची हिंमत नव्हती असं नाही. पण नाही म्हटल्यावर जो आठवडाभर वाद चालणार, प्रताप फळ्यावर लिहिल्यासारखे फायदे-तोटे मांडणार, त्याला पुरं पडायची ताकद तिच्यात उरली नव्हती. ती दमली होती. झोप काढून उतरणारा तो शीण नव्हता. गराजमध्ये पाण्याच्या हीटरमागे तिने शॉमबर्गची खोकी चपटी करून उभी ठेवली होती, लागतील पुन्हा म्हणून. त्या खोक्यांकडे बघितलं तरी तिचे खांदे दुखायला लागत.

ट्रेक म्हणजे आपल्याकडे पोरं पावसाळ्यात गड चढायला जातात तो नव्हे. ओरेममधली बहुतेक घरं मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाची. त्यांच्या पूर्वजांना अठराशे सेहेचाळीसमध्ये, ऐन हिवाळ्यात, इलिनॉयमधून हुसकून लावलं. त्याआधी ओहायोतून हुसकलं होतं, मिसुरीतून हुसकलं होतं. मग ती मंडळी बैलगाड्या जुंपून पश्चिमेला निघाली आणि हजारभर मैल तुडवत युटाच्या खोऱ्यात उतरली. पुढे दहा वर्षांनी इंग्लंड-डेन्मार्ककडून जी गरीब माणसं या पंथात आली, त्यांच्याकडे बैल घ्यायलाही काही नव्हतं. त्यांनी हातगाड्या केल्या आणि स्वतःच ओढल्या. माणशी सामान फक्त सतरा पौंड. म्हणजे पुरते आठ किलोही नाही. दोन तांडे निघायला उशीर झाला, वायोमिंगमध्ये बर्फाने गाठलं आणि दोनशेच्या वर माणसं वाटेतच राहिली. त्यांची आठवण म्हणून ओरेमची मुलं दर तीन-चार वर्षांनी उन्हाळ्यात जुने कपडे घालून तीन दिवस हातगाड्या ओढतात. यंदा त्या गोष्टीला दीडशे वर्षं झाली होती, त्यामुळे उत्साह जरा जास्तच होता.

सावनीला तिच्या केन्झी नावाच्या मैत्रिणीने बोलावलं होतं. विनीता आधी नाहीच म्हणाली. दुसऱ्यांचा धर्म, परकं रान, तीन दिवस मुलीचा फोनसुद्धा काढून घेणार. तेव्हा शेजारच्या ॲलरेडबाई कुंपणापाशी आल्या. वय सत्तरीचं, पाठ ताठ, नातवंडं एकतीस. "स्वयंपाकाला हात कमी पडतायत," त्या म्हणाल्या. "तू पण चल. मुलगी डोळ्यांसमोर राहील, आणि तुला गाडी ओढायला कुणी सांगणार नाही." हे शेवटचं वाक्य ऐकून विनीता तयार झाली.

त्यांच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणतात, म्हणून त्या सिस्टर ॲलरेड. विनीता तोंडावर तसंच म्हणायची, मनात मात्र ॲलरेडबाई.

कपड्यांचा नियम स्वयंपाकिणींनाही होता. पायघोळ घागरा आणि डोक्याला कापडी टोपी. विनीताने एका जुन्या सुती साडीचे दोन घागरे बेतले आणि टोप्या शिवल्या. आरशात बघून तिला हसू आलं, तान्ह्या बाळाला घालतात ती कुंचीच होती ती.

"आई, यू लुक सो क्यूट," सावनी म्हणाली.

"क्यूट कसली, बारशाला निघाल्यासारखी दिसतेय."

गुरुवारी सकाळी चर्चच्या आवारात वजनं झाली. प्रत्येकाला एक पांढरी प्लास्टिकची बादली. त्यात मावेल ते तुमचं सामान, आणि वजन सतरा पौंडांच्या वर नको. वजनकाट्यापाशी एकच कल्ला चालला होता. मुली केसांची यंत्रं काढून आयांच्या हातात देत होत्या, एक मुलगा उशी सोडायला तयार नव्हता. विनीताची बादली काट्यावर ठेवली आणि काटा बरोब्बर सतरावर थांबला. ॲलरेडबाईंनी भुवया उंचावल्या.

"घरी मोजून आणलीस?"

"नाही. हाताला कळतं," विनीता म्हणाली. विमानाच्या बॅगा भरून भरून तिचा हातच काटा झाला होता. कुठल्या गावाला काय न्यायचं यापेक्षा काय सोडायचं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

त्या बादलीत, मोज्यांच्या जोडीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली चहापत्तीची पुडी होती. मॉर्मन माणसं चहा-कॉफीला शिवत नाहीत. तीन दिवस चहाशिवाय राहायचं म्हणजे विनीताचं डोकं गुरुवार संध्याकाळपासूनच ठणकणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. लोकांच्या धर्मकार्यात आपण चोरून चहा न्यायचा याची तिला लाज वाटत होती. पण ती लाज डोकेदुखीपेक्षा सोसायला सोपी होती.

वायोमिंगच्या हद्दीजवळच्या एका रँचवर तळ पडला. सेजची खुरटी झुडपं, लाल धूळ, आणि झाड म्हणून एक नाही. मुलं दहा-दहाच्या टोळीने गाडीला जुंपली गेली. प्रत्येक गाडीचं एक 'कुटुंब', त्याला चर्चमधलंच एखादं जोडपं आई-बाप म्हणून नेमून दिलेलं. विनीता स्वयंपाकाच्या ट्रकमधून मागून आली. दिवसभर बटाटे सोलले, शंभरेक पावांना लोणी लावलं. लांबून धुळीत गाड्यांची रांग दिसत होती, त्यात साडीच्या काठामुळे सावनी ओळखू येत होती.

ही वाट विनीताला नवी नव्हती. युटाला येताना ती याच बाजूने आली होती. प्रताप नेहमीप्रमाणे आधी विमानाने पुढे गेला होता, नोकरीवर हजर व्हायला. तिन्ही वेळा तसंच झालं होतं. घराचा करार मोडणं, शाळेचा दाखला, गॅस-वीज-टेलिफोन बंद करणं, फर्निचर येईल त्या विद्यार्थ्यांना देऊन टाकणं, कार्पेटवरचे डाग घासणं आणि खोकी, खोकी, खोकी, हे सगळं मागे विनीताच्या वाट्याला. शॉमबर्गहून तर ती चौदा वर्षांच्या सावनीला शेजारी बसवून चौदाशे मैल गाडी चालवत आली होती. आयोवा, नेब्रास्का, वायोमिंग. तिसऱ्या दिवशी वारा इतका होता की स्टिअरिंग धरून मनगटं सुजली होती. प्रतापचा रोज फोन यायचा. "कशा आहात? मजेत ना? हे शेवटचं हं, विनू."

शुक्रवारी पहाटे ती सगळ्यांच्या आधी उठली, शेगडीवर छोट्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि पदराआड केल्यासारखी पाठ करून चहा टाकला. उकळी फुटली तेव्हा मागून आवाज आला.

"चांगला वास आहे."

ॲलरेडबाई उभ्या होत्या. विनीताचा चेहरा उतरला. "सॉरी. माझं डोकं फार दुखतं."

"दुखणारच. माझ्या पणजीच्या आईचंही दुखायचं. इंग्लंडची होती ती, चहा सोडताना तिला फार जड गेलं म्हणतात." बाईंनी आपली बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसल्या. बादलीचा तो दुसरा उपयोग. "पी तू. मला फक्त गरम पाणी दे."

दोघी बसल्या. एक चहा पीत होती, एक नुसतं गरम पाणी. ऊन अजून टेकडीपलीकडे होतं.

"तिने वही लिहिली होती," ॲलरेडबाई म्हणाल्या. "हातगाडीबरोबर चालली तेव्हा. घरात सगळ्यांना वाटायचं की त्यात केवढी श्रद्धा असेल, चमत्कार असतील. मी लहानपणी वाचायला मागितली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. रोज एकच ओळ. 'आज चाललो. दमले.' दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'आज चाललो. दमले.' मधे एका दिवशी 'थॉमस गेला' एवढं. तो तिचा मुलगा. दुसऱ्या दिवशी परत, 'आज चाललो. दमले.'"

विनीताच्या हातातला चहा तसाच राहिला.

"लोक आमच्या चालण्याचं कौतुक करतात," ॲलरेडबाई म्हणाल्या. "मिरवणुका काढतात, पुतळे उभारतात. मला विचारशील तर त्यांना चालायची अजिबात हौस नव्हती. कुठेतरी थांबायला मिळावं म्हणून ते चालले. इथे पोचल्यावर ती बाई बेचाळीस वर्षं जगली आणि शेजारच्या गावालासुद्धा गेली नाही. कुणी बोलावलं तर म्हणायची, माझं चालून झालंय."

माझं चालून झालंय. विनीताने ते वाक्य मनातल्या मनात मराठीत घोळवलं, आणि तिला एकदम रडायला आलं. ॲलरेडबाईंनी पातेलं स्वतः घासून टाकलं, कुणाला चहाचा डाग दिसू नये म्हणून.

शुक्रवारी दुपारी टेकडी आली. तिथे ट्रेकचा एक रिवाज आहे. टेकडीच्या पायथ्याशी मुलगे आणि पुरुष यांना बाजूला घेतात आणि घेऊन जातात. त्या काळी कुणी सैन्यात गेले, कुणी धर्मप्रसाराला, कुणी वाटेत मेले, आणि बायकांनी एकट्यांनी गाड्या ओढल्या, त्याची ही आठवण. चढावर बोलायचं नाही. पुरुषांनी वर जाऊन वाटेच्या दोन्ही बाजूंना टोप्या काढून उभं राहायचं, आणि काही झालं तरी हात लावायचा नाही.

सावनीच्या गाडीला दहांत सहा मुलगे होते. ते गेल्यावर चारच मुली राहिल्या, त्यातल्या एकीचा पाय मुरगळलेला. ॲलरेडबाईंनी स्वयंपाकिणींकडे बघितलं.

"तुला ओढायला सांगणार नाही म्हटलं होतं," त्या विनीताला म्हणाल्या. "मी खोटं बोलले."

विनीताने हात पुसले आणि जाऊन सावनीशेजारी दांड्याच्या आत उभी राहिली.

"आई, यू डोन्ट हॅव टू," सावनी कुजबुजली.

"गप्प. बोलायचं नाहीये."

पहिली वीस पावलं सोपी गेली. मग वाळू लागली. चाक रुतलं की गाडी मागे यायची, दांडा पोटात घुसायचा. मागून केन्झी आणि ॲलरेडबाई ढकलत होत्या. विनीताच्या कुंचीची गाठ सुटून गळ्यात आली. तोंडात धूळ गेली. निम्म्या चढावर ती थांबली आणि तिला वाटलं, सोडून द्यावा हा दांडा. जाऊ दे गाडी खाली. कुणाच्या बापाचं काय जातंय? पण शेजारी सावनी दात आवळून ओढत होती, तिचा श्वास ऐकू येत होता, म्हणून विनीताने पुन्हा पाय रोवले.

वरच्या वळणाशी पुरुष उभे होते. मुलगे होते, आणि त्यांच्यामागे गावातले बापही होते. ॲलरेडबाईंनी फोन करून त्यांना गुपचूप बोलावलं होतं, हाही रिवाजच. विनीता खाली मान घालून ओढत होती. तिला आधी बूट दिसले. रानात कुणी घालत नाही असले काळे ऑफिसचे बूट, पॉलिश केलेले, धुळीने माखलेले. तिने मान वर केली. प्रताप होता. हातात बेसबॉलची टोपी होती आणि तो रडत होता.

गाडी पुन्हा रुतली. विनीता गुडघ्यावर आली. प्रताप एकदम पुढे झाला, तसा शेजारच्या म्हाताऱ्याने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि मान हलवली. प्रताप थांबला. उभ्या जन्मात त्याला इतकं गप्प उभं राहावं लागलं नसेल. काही सुचवता येत नव्हतं, "असं कर, तसं कर" म्हणता येत नव्हतं, सगळं ठीक होईल असं सांगता येत नव्हतं. नुसतं बघायचं होतं. आणि विनीताच्या लक्षात आलं की एकोणीस वर्षांच्या संसारात हा माणूस आपल्याला ओढताना पहिल्यांदाच बघतोय. तो नेहमी पुढे गेलेला असायचा. त्याला कायम पोचलेली बायको दिसली, पोचलेली खोकी दिसली, आणि दार उघडून तो म्हणायचा, "आलात? गुड, गुड."

राग यायला हवा होता. आला नाही. तिला त्याची दयाच आली, आणि स्वतःचीही.

तिने उठून दांडा धरला. "वन, टू," सावनी बोलायचं नाही हे विसरून ओरडली, आणि गाडी निघाली ती थेट माथ्यावर जाऊन थांबली. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. सावनीने आईला इतकं घट्ट धरलं की कुंची पार चुरगळून गेली.

प्रताप जवळ आला. दांड्याकडे हात नेला.

"राहू द्या आता," विनीता म्हणाली. "सपाट आहे पुढे."

दोघं गाडीच्या सावलीत बसले. प्रतापने तिला पाण्याची बाटली दिली. तिच्या हाताला फोड आले होते ते त्याने बघितले, टोपी उलटसुलट केली.

"विनू, मी सकाळी त्यांना होकार कळवला," तो म्हणाला. "तुझा फोन बंद होता. मला वाटलं, शेवटी तू हो म्हणशीलच."

"दर वेळी म्हणते ना."

"मला माहीत नव्हतं."

"काय?"

त्याने चढाकडे हात केला. वाळूत चाकांच्या खुणा होत्या, आणि मधे तिचे गुडघे टेकले तिथे दोन खळगे होते. "हे," तो म्हणाला.

विनीता पाणी प्यायली. सगळं पाणी संपवलं. मग म्हणाली, "मी दमलेय हो. भांडायलासुद्धा दमलेय, म्हणून भांडत नाही. तुम्हाला जायचंय, तुम्ही जा. मोठं काम आहे, करा. मी नाही येणार. सावनीचं वर्ष इथे होऊ दे, माझी लायब्ररी राहू दे. माझं चालून झालंय."

"अगं, पण एकटी कसं करशील तू सगळं?"

विनीता हसली. मुद्दाम नाही, हसू आपोआप आलं, आणि ते थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना.

"अहो," ती म्हणाली, "आतापर्यंत कोण होतं बरोबर?"

त्याने टोपी डोक्यावर घातली नाही, हातातच ठेवली.

प्रताप नोकरी सोडणार नव्हता आणि विनीता घर सोडणार नव्हती. जुलैभर दोघं एकमेकांशी जपून बोलत राहिले. प्रतापने दोनदा विचारून बघितलं, एकदा तर फ्रिस्कोच्या शाळेतल्या ऑर्केस्ट्राचे फोटो काढून आणले. सावनी म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट," आणि तो विषय तिथेच मिटला.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी प्रताप निघाला. आधी एक दिवस त्याने स्वतःचं सामान भरायला घेतलं. खोकी कुठे असतात हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"हीटरच्या मागे," विनीताने सांगितलं आणि दारात उभी राहिली.

त्याने खोकं उघडं केलं, तळाला टेप लावायला विसरला, पुस्तकं भरली आणि उचललं. सगळी पुस्तकं पायावर. विनीता पुढे झाली, तशी सावनीने तिच्या दंडावर हात ठेवला आणि मान हलवली. विनीता थांबली. हात मागे बांधून उभी राहिली. ते फार अवघड होतं. त्याने शिट्टी न घेता कुकर भरला. शर्टांच्या घडीत लोणच्याची बाटली ठेवली. तिचा जीव वरखाली होत होता, तरी ती बोलली नाही. टेकडीवर उभ्या राहिलेल्या पुरुषांचं काही सोपं नव्हतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

मग प्रतापने फळीवरचं एक जुनं खोकं खाली काढलं. त्यावर दोन गावांचे पत्ते खोडलेले होते. "यात काय आहे?"

"वेस्ट विंडसरचं आहे. उघडलंच नाही कधी. शॉमबर्गला म्हटलं, कशाला उघडा, परत हलायचंच आहे. इथेही तेच."

त्याने उघडलं. आत ठाण्याचं पोळपाट-लाटणं होतं, विनीताच्या आईने दिलेलं. पाच वर्षं ती उलट्या ताटावर पोळ्या लाटत होती. इतकं सगळं भरून ठेवलं होतं की आपल्याजवळ काय आहे याचाच तिला विसर पडला होता. प्रताप पोळपाट हातात घेऊन जमिनीवर बसला तो बराच वेळ उठला नाही. मग ते त्याने स्वतःच नेऊन स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं.

सकाळी तो निघाला तेव्हा विनीताने पांढरी बादली गाडीत पुढच्या सीटवर ठेवली. वाटेतलं खाणं, पाणी, औषधं, नॅपकिन, मोजे आणि कुकरची शिट्टी.

"किती वजन?" त्याने विचारलं.

"सतरा पौंड."

तो हसला. "हे शेवटचं" असं तो म्हणाला नाही. गाडी कोपऱ्यावर वळली. विनीताला वाटलं होतं त्यापेक्षा घर जास्त रिकामं झालं, आणि तिने ते सावनीपासून लपवलं नाही.

संध्याकाळी सातला फोन वाजला. तो वाटेतल्या आल्बुकर्कीला पोचला होता, दहा तास एकट्याने गाडी चालवून. इतके तास सलग त्याने आजवर कधी चालवली नव्हती.

"कसे आहात?" तिने विचारलं. मजेत ना, असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने विचारलं नाही.

मग प्रताप म्हणाला, "आज चाललो. दमलो."

ट्रेकहून घरी आल्यावर ॲलरेडबाईंच्या त्या वहीची गोष्ट तिने त्याला सांगितली होती. त्या वेळी त्याने ऐकलं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"जेवून घ्या," विनीता म्हणाली. "पोळ्या मोज्यांच्या खाली आहेत." आणि फोन कानाला तसाच धरून ती ओट्यापाशी पोळपाट पुसत उभी राहिली, कारण त्यालाही फोन ठेवायचा नव्हता.